कात्रणे सगळी दाखवा

लासलगावात कांदा क्विंटलमागे पाचशे रुपयांनी उतरला, ही बातमी सकारात्मक की नकारात्मक? निफाडचा शेतकरी एक उत्तर देईल, दादरच्या मंडईत पिशवी घेऊन उभा असलेला माणूस दुसरे देईल, आणि दोघेही बरोबर असतील. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने माध्यमांतील बातम्यांवर लक्ष ठेवण्यासाठी एक केंद्र उभारण्याचा शासन निर्णय काढला. खर्च सुमारे १० कोटी रुपये, वेळ सकाळी ८ ते रात्री १०. छापील, दूरचित्रवाणीवरील आणि डिजिटल बातम्या गोळा करायच्या आणि त्यांची सकारात्मक-नकारात्मक वर्गवारी करायची, हे त्याचे काम. त्या केंद्रात बसलेल्या माणसाने कांद्याची बातमी कोणत्या खणात टाकायची? त्याचा पगार सरकार देते, म्हणजे तो सरकारच्या नजरेने पाहणार. पण सरकारला शेतकरीही हवा आहे आणि ग्राहकही.

हा प्रश्न सरकारी केंद्रापुरता नाही. नाशिकमध्ये आज जवळपास प्रत्येक पक्षाकडे सकाळी सहापासून ई-पेपर चाळणारी मंडळी आहेत. कोणत्या दैनिकाने आपल्या नेत्याला पहिल्या पानावरून आत ढकलले, कोणत्या वाहिनीने आपल्या प्रवक्त्याला बोलू दिले नाही, याची कात्रणे आणि क्लिपा नऊ वाजेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. काही गट स्वतःला पक्षाचे म्हणवतात, काही 'जागरूक नागरिक' म्हणवतात आणि फक्त एकाच बाजूच्या तक्रारी करतात. या गटांवर सगळीकडून एकच टीका होते: हे लोक स्वतःच पक्षपाती, हे कसला पक्षपात शोधणार?

ही टीका मला अपुरी वाटते. ज्याचे नुकसान झाले तो तक्रार करणारच, आणि बहुतेक वेळा तोच आधी आणि बारकाईने पाहतो. कोर्टात वादीने निःपक्ष असावे अशी कोणी अपेक्षा ठेवत नाही. त्याने पुरावा पूर्ण द्यावा एवढीच अपेक्षा असते. पक्षीय गटांचा दोष त्यांच्या पक्षात नाही. न दाखवलेल्या कात्रणांत आहे. दहा कात्रणे दाखवताना ती किती बातम्यांतून निवडली हे सांगितले नाही, तर ती दहा कात्रणे कशाचाच पुरावा ठरत नाहीत. नाशिकमधल्या प्रत्येक गटाकडे, तो कोणाचाही असो, वाचकांनी एकच मागणी लावून धरावी: तुमची पूर्ण वही, म्हणजे तपासलेल्या सगळ्या बातम्यांची नोंद, दाखवा.

अशा गटांचा सर्वात जुना आणि मोठा अनुभव अमेरिकेचा आहे. तिथे उजव्या बाजूची 'अ‍ॅक्युरसी इन मीडिया' ही संस्था रीड आयर्विन यांनी १९६९ मध्ये काढली. डाव्या बाजूची 'फेअर' १९८६ मध्ये आली. १९८७ मध्ये ब्रेंट बोझेल यांचे 'मीडिया रिसर्च सेंटर' सुरू झाले. वादग्रस्त विषयांवर दोन्ही बाजू मांडण्याचे नभोवाणी-दूरचित्रवाणीवरचे १९४९ पासूनचे सरकारी बंधन त्याच वर्षी उठले. २००४ मध्ये डेव्हिड ब्रॉक यांनी उजव्या माध्यमांवर पाळत ठेवण्यासाठी 'मीडिया मॅटर्स' स्थापन केली. यांपैकी कोणीही आपला कल फारसा लपवला नाही. तरी त्यांच्या कामाचा दर्जा सारखा नाही, आणि फरक कुठे पडतो हे समजून घेण्यासारखे आहे.

'फेअर'ने १९८९ मध्ये 'नाइटलाइन' या रात्रीच्या चर्चेच्या कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४० महिन्यांतले कार्यक्रम घेतले आणि प्रत्येक पाहुणा कोण हे नोंदवले. अमेरिकी पाहुण्यांत ८९ टक्के पुरुष, ९२ टक्के गोरे, आणि ८० टक्के सरकारी अधिकारी, व्यावसायिक किंवा कंपन्यांचे प्रतिनिधी निघाले. 'फेअर' डावीकडे झुकलेली आहे हे खरे, पण पाहुणा पुरुष होता की स्त्री, मंत्री होता की कामगार संघटनेचा, हे मोजणाऱ्याच्या राजकारणावर अवलंबून नसते. विरोधकाने तेच कार्यक्रम काढून पुन्हा मोजले असते तरी आकडा जवळपास तोच आला असता. मोजणी अशी असली की मोजणाऱ्याचा पक्ष कोणता याला फारसे महत्त्व उरत नाही.

'मीडिया रिसर्च सेंटर'ची प्रसिद्ध मोजणी वेगळ्या जातीची. संध्याकाळच्या बातमीपत्रांत ट्रम्प यांच्याबद्दलची सुमारे ९० टक्के विधाने नकारात्मक, असे निष्कर्ष ते वेळोवेळी काढतात. पद्धत ते सांगतात, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे: फक्त स्पष्ट मूल्यमापन करणारी विधाने धरायची, तीही वार्ताहर, निवेदक, तज्ज्ञ किंवा सामान्य मतदार यांची, पक्षांच्या लोकांची आणि तटस्थ विधाने सोडून द्यायची. आता समजा १,००० विधाने आहेत. ८०० तटस्थ, १८० नकारात्मक, २० सकारात्मक. तटस्थ वगळली तर २०० पैकी १८०, म्हणजे ९० टक्के नकारात्मक. सगळी धरली तर १,००० पैकी १८०, म्हणजे १८ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. मथळ्यात मात्र पहिलाच येतो, आणि छेद काय होता हे वाचणारा हजारात एखादाच. शिवाय नकारात्मक विधान म्हणजे पक्षपाती विधान, हे गृहीत धरलेलेच असते. पूर आला, पूल पडला, निर्णय फसला, तर त्याबद्दलचे खरे विधानही नकारात्मकच असेल.

आपल्याकडच्या गटांत पहिल्या जातीची मोजणी जवळपास नाहीच. दुसऱ्या जातीचीही फारशी नाही. आपल्याकडे मोजणीच नसते, फक्त कात्रणे असतात.

आणि कात्रण निवडणाऱ्याचे डोळे कसे काम करतात हे चाळीस वर्षांपूर्वीच दाखवून झाले आहे. १९८२ मध्ये बैरुतच्या निर्वासित छावण्यांत झालेल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या. अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. बातम्या त्याच, पडदा तोच. इस्रायल-समर्थकांना वाटले की इस्रायलबद्दलचे फक्त १६ टक्के उल्लेख अनुकूल होते. अरब-समर्थकांना तेच ४२ टक्के वाटले. दोन्ही गटांना खात्री होती की बातमी आपल्या विरोधात आहे. ज्यांना विषयाची जास्त माहिती होती त्यांना पक्षपात जास्त दिसला, हा त्यातला सर्वात महत्त्वाचा भाग. म्हणजे तालुक्याचे राजकारण कोळून प्यायलेला कार्यकर्ता बातमी वाचतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला जे ठाऊक आहे आणि बातमीत आले नाही, ते त्याला दाबलेले दिसते. वार्ताहराला शंभर शब्दांची जागा होती, हे त्याला दिसत नाही.

नाशिकचे एक उदाहरण घेऊ. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांदा निर्यातबंदी केली आणि जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण टनामागे ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरी लोकसभेचे मतदान २० मे रोजी होते. आता त्या दिवशीचे दोन संभाव्य मथळे पाहा: 'कांदा निर्यातबंदी उठली' आणि 'निर्यात खुली, पण ४० टक्के शुल्काची अट'. दोन्ही खरे. पहिला वाचून विरोधी पक्षाचा माणूस म्हणेल, सरकारची भलामण. दुसरा वाचून सत्ताधारी म्हणेल, चांगल्या निर्णयात खोट काढली. एकट्या मथळ्यावरून दैनिकाचा कल ठरवणारा कोणताही गट इथे फसेल. दोन-चार प्रश्न विचारले तर काहीतरी हाती लागते: अट बातमीत कितव्या परिच्छेदात आली? शेतकरी संघटनेचा कोणी बोलला का, व्यापारी बोलला का? मतदान सोळा दिवसांवर आहे याचा उल्लेख आहे का? हेच प्रश्न डिसेंबरच्या बंदीच्या बातमीलाही विचारले का? दोन्ही वेळी एकच दैनिक एकाच बाजूची अट वर आणि दुसऱ्या बाजूची खाली टाकत असेल, तर तिथून पक्षपाताबद्दल बोलायला सुरुवात करता येते.

मोजणी करायची तर ती कुठे बिघडते हे आधी माहीत हवे. बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा आवृत्तीची. एकाच दैनिकाची शहराची प्रत आणि मालेगाव-कळवणकडे जाणारी प्रत सारखी नसते. लांबची आवृत्ती लवकर बंद करावी लागते, कारण गाडी निघायची असते. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या महासभेची बातमी शहरात पहिल्या पानावर असते आणि लांबच्या तालुक्यात नसतेच. तिथला कार्यकर्ता आपल्या प्रतीचा फोटो काढून 'बातमी दाबली' म्हणून टाकतो. वहीत प्रत्येक नोंदीसमोर दैनिक, तारीख, पान आणि आवृत्ती या चारही गोष्टी नसतील तर ती नोंद धरूच नये.

दुसरी जागा मापाची. बातमी किती कॉलमांत आली हे मोजायची जुनी सवय आहे, पण प्रत्येक दैनिकाची कॉलमची रुंदी सारखी नसते, आणि चौकटीत तर कॉलम मुद्दाम रुंद करतात. म्हणून जाहिरातवाल्यांसारखे चौरस सेंटिमीटरमध्ये मोजावे: मथळा, मजकूर, छायाचित्र यांचे तीन वेगळे आकडे. छायाचित्र वेगळे मोजणे फार गरजेचे आहे. मजकुरात टीका आणि वर नेत्याचा हसरा मोठा फोटो, असे पुष्कळदा घडते. एकत्र मोजले की टीकेची बातमी प्रसिद्धीसारखी दिसते.

तिसरी जागा बायलाइनची, म्हणजे बातमीवर छापलेल्या वार्ताहराच्या नावाची, आणि इथे माणसांचे नुकसान होते. मथळा बहुतेक वेळा वार्ताहर देत नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो. बातमी कुठल्या पानावर जाणार हेही वार्ताहराच्या हातात नसते. तरी शिव्या, फोन आणि ट्रोलिंग येते ते नाव छापलेल्या वार्ताहराला. तालुक्याच्या ठिकाणचे बरेच वार्ताहर पगारी नसतात. मानधनावर किंवा जाहिरातीच्या कमिशनवर काम करतात आणि त्याच गावात राहतात. तिथे एका पक्षाच्या गटाने नाव घेऊन मोहीम चालवली तर पुढची बातमी तो लिहितच नाही, आणि न लिहिलेली बातमी कोणत्याच वहीत येत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे: पाहणी दैनिकाची करा, वाहिनीची करा, वार्ताहराचे नाव यादीत टाकू नका. १४ सप्टेंबर २०२३ रोजी 'इंडिया' आघाडीने १४ वृत्तनिवेदकांच्या कार्यक्रमांवर बहिष्कार जाहीर केला. कोणाच्या कार्यक्रमाला प्रवक्ता पाठवायचा हा पक्षाचा अधिकार आहे. पण लोकांपुढे आली ती नावांची यादी. किती कार्यक्रम तपासले, कोणाला किती मिनिटे मिळाली, कितीदा तोडले, हे सोबत आले असते तर त्या यादीवर समर्थकांच्या बाहेरही बोलणे झाले असते.

चौथी जागा एकमताची, आणि ती सर्वात फसवी. दोघांनी तीच बातमी वेगवेगळी बसून तपासली आणि १०० पैकी ८२ वेळा त्यांचे जुळले, हे ऐकायला चांगले वाटते. पण समजा दोघेही डोळे मिटून दर दहापैकी नऊ बातम्यांवर 'तटस्थ' आणि एकीवर 'झुकलेली' असा शिक्का मारत आहेत. तरीही योगायोगाने ते ८२ टक्के वेळा जुळतील: नऊ दशांश गुणिले नऊ दशांश म्हणजे ८१, आणि एक दशांश गुणिले एक दशांश म्हणजे १. म्हणून साधी टक्केवारी सांगू नये. योगायोग वजा करून उरलेली सहमती काढण्याची मापे आहेत; क्रिपेनडॉर्फचा अल्फा त्यातले रूढ आहे. ०.८० च्या वर आला तर आकड्यावर विसंबावे, ०.६६७ पर्यंत तात्पुरते बोलावे, त्याखाली असेल तर नियमच ढिले आहेत असे समजून ते पुन्हा लिहावेत. हिशोब संगणकावर मोफत होतो. 'सूर' या खणात अल्फा बऱ्याचदा पडतो, 'कोणाचे म्हणणे छापले' या खणात तो सहज वर राहतो. अनुभवी अभ्यासक सुरापेक्षा स्रोत मोजण्यावर भर देतात तो यामुळेच.

पाचवी गोष्ट तुलनेच्या पायाची. सत्ताधाऱ्यांना जागा जास्त मिळते, कारण निर्णय ते घेतात, उद्घाटने ते करतात, आणि भांडणेही त्यांचीच मोठी होतात. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या पालकमंत्रिपदाच्या नेमणुकीला स्थगिती मिळाली आणि त्यानंतर त्या रस्सीखेचीच्या बातम्या येत राहिल्या. चौरस सेंटिमीटर मोजले तर त्या काळात सत्ताधारी आघाडीचे पारडे जड निघेल, पण ती जागा कौतुकाची नव्हती. नुसत्या जागेवरून झुकाव काढणारा गट इथे उलटा निष्कर्ष काढेल. त्याऐवजी सारख्या घटना जोडीने घ्याव्यात: एका पक्षाचा मोर्चा आणि दुसऱ्या पक्षाचा मोर्चा, एकाच्या नगरसेवकावरचा गुन्हा आणि दुसऱ्याच्या नगरसेवकावरचा गुन्हा. गुन्हा दाखल झाल्याची बातमी पहिल्या पानावर आली, मग तो माणूस सुटल्याची बातमी कुठे आली?

आता पक्षीय गट ज्याकडे पाहतच नाहीत त्याकडे येतो. जिल्हा पातळीवरचा सर्वात मोठा झुकाव पक्षाचा नसून जाहिरातीचा असतो, असे मला ठामपणे वाटते. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी, बिल्डरची पानभर जाहिरात, शिकवणी वर्गाचा निकाल-विशेषांक, सरकारी जाहिरात: गावकरी-देशदूतसारख्या इथल्या दैनिकांपासून राज्यभरच्या दैनिकांच्या नाशिक आवृत्त्यांपर्यंत सगळ्यांना याच बाजारात उभे राहावे लागते. प्रतीची किंमत छपाईचा खर्चही भरून काढत नाही. वाढदिवसाची पुरवणी सगळ्याच पक्षांचे लोक काढतात, त्यामुळे एकाही पक्षाचा गट तिच्याविरुद्ध बोलत नाही. गोदावरीत मिसळणाऱ्या सांडपाण्याची, तपोवनातल्या झाडांची किंवा सिंहस्थाच्या कंत्राटांची बातमी किती दिवस टिकली आणि केव्हा थांबली, हे पाहायचे तर त्याच महिन्यांत त्याच पानांवर कोणाच्या जाहिराती होत्या हेही शेजारी लिहावे लागेल. त्यातून लगेच काही सिद्ध होत नाही. पण ही नोंद आज कोणीच ठेवत नाही.

पैसे घेऊन छापलेल्या बातमीचा इतिहास तर आपल्या राज्याचाच आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत अशोक चव्हाण यांचे कौतुक करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दशः छापला गेल्याचे पी. साईनाथ यांनी उघड केले. निवडणूक आयोगाने त्यावर दिलेला आदेश २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये यावर सविस्तर अहवाल तयार केला. ही चोरी पकडली गेली ती कोणाचा सूर कसा आहे यावरून नव्हे. एकाच मजकुराच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या म्हणून. पक्षीय गटांनी ही युक्ती उचलावी. प्रतिस्पर्धी उमेदवाराचे माणूसबळ, सकाळी सहाची शिस्त आणि सगळी दैनिके समोर, एवढे भांडवल दुसऱ्या कोणाकडे नसते.

आणि पकडल्यावर कुठे जायचे हेही ठरलेले आहे. निवडणुकीत जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. संशयित बातमीबद्दल निवडणूक निर्णय अधिकारी ती छापल्यापासून किंवा तक्रार आल्यापासून ९६ तासांत उमेदवाराला नोटीस देतो. उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचे. न दिल्यास समितीचा निर्णय अंतिम. बातमीच्या जागेचा खर्च सरकारी दराने काढून उमेदवाराच्या खर्चात धरला जातो. विधानसभेसाठी मर्यादा ४० लाख रुपये आहे, म्हणून हा खर्च उमेदवाराला झोंबतो. मुदती तासांच्या आहेत, हे लक्षात ठेवावे. चार दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर राग व्यक्त करून पाचव्या दिवशी समितीकडे जाऊ नये, लगेच जावे. नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन पक्षांचे पहारेकरी असताना लेखी, मापासह, दोन्ही कात्रणे जोडून तक्रार करणारे किती, हा त्या गटांना विचारण्याचा प्रश्न आहे.

निवडणुकीबाहेर छापील मजकुरासाठी प्रेस कौन्सिल आहे. १९७८ च्या कायद्याने ती समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते, दंड करू शकत नाही. आधी संपादकाला लिहावे लागते, आणि दैनिक-साप्ताहिकाबाबत छापल्यापासून दोन महिन्यांत कौन्सिलकडे जावे लागते. वाहिन्यांबाबत मुदत फार कमी: वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे जायचे तर प्रसारणापासून सात दिवसांत आधी वाहिनीला लिहावे लागते, आणि ती वाहिनी त्या संघटनेची सदस्य असावी लागते. त्या मंडळाचा दंड कमाल एक लाख रुपये होता; तो अपुरा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बोलून दाखवले. या संस्था दुबळ्या आहेत हे मान्य. पण त्यांच्याकडे गेलेल्या तक्रारीत तारीख, वेळ आणि मजकूर लेखी असतो, वाहिनीलाही लेखी उत्तर द्यावे लागते, आणि ते पुढच्या वेळी उपयोगी पडते.

टीव्ही चर्चेचे मोजमाप तर घड्याळाने होते. प्रत्येक पाहुण्याला मिळालेले सेकंद, निवेदकाने मध्येच तोडलेल्या वेळा, आवाज बंद केलेल्या वेळा, पाहुण्यांची बाजूनिहाय संख्या, आणि खाली धावणारी पट्टी काय म्हणत होती, एवढे पाच खण पुरतात. पट्टी विसरू नये. निवेदक संयमाने बोलत असताना खालची पट्टी निकाल देऊन मोकळी झालेली असते.

या सगळ्यावर सरकारी उपाय नको, असे मला वाटते, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल तिकडेच बोट दाखवतो. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा की खरा हे केंद्राच्याच पथकाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत आणली गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. ज्याच्याबद्दलची बातमी, तोच तपासनीस, ही रचनाच चुकीची. राज्याच्या बातम्या तपासणाऱ्या केंद्राला मी तोच निकष लावतो. सरकारने आपली बाजू मांडावी, चूक दाखवावी, खुलासा पाठवावा. बातम्यांना सकारात्मक-नकारात्मक शिक्के मारण्यासाठी लोकांचे पैसे वापरू नयेत. वापरलेच तर ती वर्गवारी, नियमांसह, लोकांना पाहायला खुली हवी.

नाशिकमध्ये करता येईल असे एक काम मला दिसते, आणि ते पक्षीय गटांना बाजूला न सारता करायचे आहे. परस्परविरोधी पक्षांच्या दोन माणसांनी तीच बातमी वेगवेगळी तपासायची. सहा दैनिके घ्या. वर्षातले १४ दिवस चिठ्ठ्या टाकून निवडा, असे की प्रत्येक वार दोनदा येईल. सलग १४ दिवस घेतले तर एखादा मोर्चा किंवा सणच सगळे चित्र बिघडवतो, आणि सोमवारचा अंक रविवारच्या सुट्टीमुळे कायम हलका असतो. वार सारखे आले की हा दोष जातो. वर्षभराच्या दैनिकासाठी अशी दोन जुळवलेली सप्तके पुरतात, हे संशोधनाने दाखवले आहे. निवडणुकीचे शेवटचे तीन आठवडे मात्र निवडीत टाकू नयेत. ते रोजचे, पूर्ण, वेगळे मोजावेत. ८४ अंक झाले. पहिले पान आणि तीन स्थानिक पाने धरली तर अंकाला साधारण १२ राजकीय-नागरी बातम्या, म्हणजे हजाराच्या आसपास नोंदी. प्रत्येकीला पाच मिनिटे धरली तर एकाला ८४ तास, दोन बाजूंनी १६८. आठ माणसांत वाटले तर प्रत्येकाला २१ तास. कोणत्याही पक्षाच्या शाखेला हे जड नाही.

नियमांची वही मोजणी सुरू होण्याआधी लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन जाहीर करायची. पन्नास बातम्यांवर ती आधी चालवून पाहायची, अल्फा काढायचा, जिथे पडला तो नियम दुरुस्त करायचा आणि त्या पन्नास बातम्या अंतिम हिशोबातून काढून टाकायच्या. जिथे दोघांचे जुळले नाही त्या नोंदी खोडायच्या नाहीत, तिसऱ्याकडून निकालही घ्यायचा नाही. त्या 'मतभेद' म्हणून तशाच छापायच्या. त्या नोंदी वाचकाला सर्वात जास्त शिकवतील, कारण सत्ताधारी आणि विरोधी माणूस एकाच बातमीकडे पाहून कुठे वेगळे झाले हे तिथे दिसेल. प्रसिद्धीआधी संबंधित संपादकाला आठ दिवस द्यावेत आणि त्याचे उत्तर त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावे. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय ही वही ठेवायला योग्य जागा आहे. दैनिकांच्या फायली आणि ही वही शेजारी असली की कोणालाही नोंद पडताळता येईल. शहरात पत्रकारितेचे विद्यार्थी आहेत, मुक्त विद्यापीठ आहे. हिशोबाची तपासणी त्यांनी करावी, नोंदी मात्र पक्षांच्याच माणसांनी कराव्यात. निःपक्ष माणसे शोधत बसलो तर काम सुरूच होणार नाही, आणि त्यांच्या निःपक्षपणावर पहिला अहवाल निघण्याआधीच वाद होईल.

पक्ष याला तयार होणार नाहीत, असे म्हणणारे भेटतील. सगळे होणार नाहीत. पण मतमोजणीच्या टेबलावर हेच पक्ष आपापले प्रतिनिधी बसवतात, शेजारी शेजारी बसून तेच आकडे लिहून घेतात, आणि हरकत असेल तर तिथल्या तिथे लेखी देतात. जो गट नकार देईल त्याच्या पुढच्या कात्रणाला वाचकाने एवढेच विचारावे: हे किती बातम्यांतून काढले, आणि बाकीच्या कुठे आहेत?